बग्गीची बिछायत

सुभद्राबाईला कधी सवत येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिला तर नव्हतंच. पुंजाजीसारख्या मेंढ्यांमागं रान तुडवणाऱ्या माणसाला दुसरी कोण करणार? एकीनं केला हेच लय झालं, असं ती चारचौघीत तोंडावर म्हणायची आणि पुंजाजी खाली मान घालून हसायचा. पण लेक दिपालीचं लगीन झालं, घर रिकामं झालं आणि पन्नाशीच्या उंबऱ्यावर तिला सवत आलीच. आखाडा बाळापूरहून आली, चार चाकांवर. दारं नाहीत, छप्पर नाही, नुसता पायपांचा सांगाडा. आवाज तर असा, की वाडग्यातल्या मेंढ्या बिचकून कुंपण मोडून पळाल्या आणि त्या गोळा करायला अख्खी वस्ती धावली.

तिला लोक बग्गी म्हणू लागले. पुंजाजीनं मोबाईलात कुठंतरी तसली गाडी बघितली होती, वाळूच्या टेकाडांवरनं उड्या मारत जाणारी. तेव्हापासून ते वेड. बाळापूरच्या रस्त्याला धर्मसिंगचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्याची आणि पुंजाजीची जुनी दोस्ती. दोघांनी मिळून भंगारातल्या व्हॅनचं इंजिन काढलं, पाइप वाकवले, ट्रॅक्टरच्या दोन जुन्या सीटा बसवल्या, मागं मेंढ्या उभ्या राहतील असा हौदा केला, आणि दोन उन्हाळे त्यात घातले.

खोटं कशाला बोला, गरज खरी होती. वस्ती आणि शेत यांच्यामध्ये ओढा, ओढ्याला हा एवढा उतार आणि माती काळी कुळकुळीत. पावसाळ्यात मोटारसायकल घसरायची, बैलगाडी आसापर्यंत रुतायची, आणि आजारी मेंढी असली की पुंजाजी तिला खांद्यावर टाकून चिखल तुडवत आणायचा. बग्गी तो चिखल खेळत खेळत पार करायची. हे सुभद्राबाई बघत होती, तिला डोळे होते. पण गरजेपुरती गाडी ठेवावी ना माणसानं! सकाळी उठला की आधी चूळ न भरता तिच्याकडं जायचा. तिच्यावर ताडपत्री घालायचा. तिच्या नटांना बोटानं तेल लावायचा. सुभद्राबाईच्या डोक्याला त्यानं उभ्या जन्मात कधी तेल लावलं नव्हतं.

"कोणाचे हो येवढे लाड चाललेत?" ती विचारायची.

"यंत्र हाय. बगावं लागतं."

"मी बी यंत्रच हाय की. पहाटपासून चालू असते. मला कोण बगून राहिलं?"

पुंजाजी हसायचा. त्याला वाटायचं बायको चेष्टा करते. चेष्टा कसली, तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

तर सुभद्राबाईची एकच मागणी होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासूनची. घरात फरशी. साधी शहाबादी का होईना. घर विटांचं होतं, वर पत्रे होते, पण खाली शेणानं सारवलेली जमीन. आठवड्याला सारवून सारवून गुडघ्यांची चाळणी झाली होती. कोकरू आत शिरलं की उखणलं, पाहुणा ओल्या पायानं आला की उखणलं. दर वर्षी पुंजाजी म्हणायचा, "पुढच्या सालाला टाकू." त्याचं ते पुढचं साल पिढ्यान्‌पिढ्या पुढंच राहिलं असतं. त्यात शेजारच्या जमनाबाईनं घरात स्टाईल फरशी बसवून घेतली, पांढरी, दुधासारखी. तेव्हापासून ती चप्पल दाराबाहेर काढायला लावते आणि बसायला चटई देत नाही, कारण चटई टाकली तर फरशी दिसायची कशी!

आता बग्गीकडं येऊ. पोळ्याच्या सुमाराला एकदा ओढ्याच्या उतारावर पुंजाजीचा पाय ब्रेकवरून घसरला. खालचा पत्रा गुळगुळीत, त्यावर काळा चिखल, मग काय! गाडी सरळ बाभळीत. हातातोंडाला काटे रुतवून घरी आला. सुभद्राबाई एकेक काटा काढून हळद भरत होती, आणि हा बाबा तोंड वेडंवाकडं करून काय म्हणतो, तर "तिच्या टाकीला पोचा तर न्हाई आला? जरा बगून ये गं."

हळदीची वाटी तिथंच आपटून सुभद्राबाई उठली. टाकी बघायला ती गेली नाही. जाऊन चुलीपुढं बसली आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

त्या दिवसापासून पुंजाजीच्या डोक्यात नवीन किडा शिरला, बग्गीच्या पायाखाली काहीतरी घालायचं. पाय घसरणार नाही, पाणी धरणार नाही, उन्हानं तडकणार नाही, मेंढरांच्या खुरांनी फाटणार नाही आणि त्यांच्या मुतानं कुजणार नाही असं काहीतरी. बाळापूरला गेला की दुकानं धुंडायचा. कुणी म्हणे हे घे, कुणी म्हणे ते घे. पण पुंजाजी मेंढरांतला माणूस, दुकानदाराच्या तोंडावर त्याचा भरवसा नाही. त्यांच्यात रीतच आहे, एडका घ्यायचा तर दात बघून लगेच घ्यायचा नाही. बोली करून आधी घरी आणायचा, आपल्या कळपात सोडायचा, आपला चारा-पाणी दाखवायचा. टिकला, रुळला, तर आपला. नाहीतर ज्याचा त्याला परत.

तसंच त्यानं बिछायतीचं केलं. तीन तुकडे घेऊन आला. एक मांडवात अंथरतात तसल्या लाल कार्पेटचा. दुसरा फुलाफुलांच्या प्लास्टिकचा. आणि तिसरा साखर कारखान्यात चिपाडं वाहून नेणाऱ्या रबरी पट्ट्याचा, जुना, काळा, बोटभर जाड. तिन्ही तुकडे त्यानं घराच्या दारात, वाडग्याकडं जायच्या वाटेवर शेजारी शेजारी मांडले. बायकोच्या पायांचा, मेंढरांच्या खुरांचा, खरकट्या पाण्याचा, सगळा राबता तिथूनच.

सांगितलं मात्र काही नाही. हा त्याचा जन्माचा दोष. मनात शंभर गोष्टी, तोंडावर एक नाही.

सुभद्राबाईनं सकाळी दार उघडलं आणि तिन्ही तुकडे बघून ती हरखली. फरशी नाही तर नाही, पण घरात अंथरायचे नमुने आणले की माणसानं! न सांगता! ती त्या लाल कार्पेटावरनं हळूच पाय फिरवत राहिली, मऊ मऊ. दुपार व्हायच्या आत तिनं ती बातमी जमनाबाईच्या दारात नेऊन ओतली.

"आमच्याकडं नमुने आलेत. यायचं असलं तर या बगायला. स्टाईल म्हंजी गार पडती ना हिवाळ्यात? पाय दुखतेत म्हणं."

जमनाबाई ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. संध्याकाळी ती आली, तुकडे बघितले, आणि नेमका तेव्हाच पुंजाजी मेंढरं घेऊन आला.

"काय भावजी, कोनतं टाकून राहिले घरात?"

"घरात?" पुंजाजीनं काठी टेकवली. "घरात न्हाई वैनी. बग्गीत टाकायचंय. इथं राबता जास्ती हाय ना, म्हणून टिकतंय का बगून राहिलो."

जमनाबाई तोंडावर हसली असती तरी बरं झालं असतं. तिनं नुसता पदर तोंडाला लावला आणि गेली, आणि तिचे खांदे हलत होते ते सुभद्राबाईला पार कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसत होते.

त्या रात्री भाकरी ताटात पडली ती आदळतच. पुंजाजीनं विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काय न्हाई." आता बाई "काय न्हाई" म्हणते तेव्हा काय असतं हे कळायला पुंजाजी मेंढरांचं सोडून कधी माणसांच्या तोंडाकडं बघत होता? जेवला आणि बग्गीवर ताडपत्री घालायला गेला.

सुभद्राबाई मात्र अंथरुणावर पडून हिशेब लावत होती. मला बघायला आला होता, नरसीच्या पुढं माझ्या माहेराला, मामाला घेऊन. चहाची बशी खाली ठेवायच्या आत व्हय म्हणाला. तोंडाकडं धड बघितलं नाही. मला एका बशीत पसंत केलं, आणि त्या सांगाड्याच्या पायाखाली काय घालायचं याला महिना? माझ्या पायांनी तिची बिछायत तपासतो? माझ्या?

तिथं तिच्या मनानं घेतलं. बघतेच आता सवत कशावर पाय पसरते ते.

दारात चोवीस तास वावर तिचा, त्यामुळं कोणता तुकडा किती पाण्यात आहे हे तिला चार दिवसांतच कळलं. प्लास्टिक तर तिसऱ्याच दिवशी उन्हानं तडकलं. कार्पेट दिसायला राजबिंडं, पण पाणी प्यायचं, चिखल धरायचं, आणि कोकरू मुतलं की दोन दिवस नाक धरावं लागायचं. काळा पट्टा मात्र हाडाचा. पाणी ओता, निथळून मोकळा. चिखल वाळला की झटकला. वर पाय ठेवला की धरून ठेवायचा. बग्गीला तोच लागणार, हे लहान लेकराला कळलं असतं. म्हणून तिनं ठरवलं, पट्टा हरला पाहिजे आणि कार्पेट जिंकलं पाहिजे.

मग सुरू झाला तिचा उद्योग. पुंजाजी मेंढरं घेऊन गेला की ती कार्पेटाचा तुकडा उचलायची, सोड्यानं खसखसून धुवायची, कुंपणावर वाळत घालायची, ब्रशानं लव उभी करायची आणि तो यायच्या आत परत जागेवर. दिपालीच्या बाळंतपणात तिनं बाळाची दुपटी इतक्या मायेनं धुतली नसतील. उलट पट्ट्यावर सगळा राग. राखेचं पाणी ओतलं, विळ्यानं चरे पाडायला गेली, तर विळा बोथट झाला. चुलीतला निखारा ठेवला. वास सुटला, डाग पडला, पट्टा होता तसा.

"मेला मरत बी न्हाई," ती पुटपुटायची.

पुंजाजी दर एक-दोन दिवसाआड तुकड्यांपुढं उकिडवा बसायचा. अंगठ्यानं दाबायचा, उलटे करून बघायचा, नाकाला लावायचा. एकदा कार्पेट बराच वेळ नाकाशी धरून बसला. सुभद्राबाई दारात येऊन उभी राहिली. मग त्यानं तिच्याकडं बघितलं, कार्पेट खाली ठेवलं आणि म्हणाला, "लय झ्याक राहिलं गं हे."

"व्हय तर," ती म्हणाली. "मला तर हेच बराबर वाटून राहिलं."

"हां?"

"तर काय. रंग बी बगा."

पुंजाजीनं मान हलवली आणि कधी नव्हे ते हसला, नुसताच, कारण नसताना. सुभद्राबाईला वाटलं, गळाला लागला.

बाजाराच्या दिवशी तो सकाळीच बग्गी घेऊन बाळापूरला निघाला. "आज धर्मसिंगकडं बिछायत बसवून आणतो," म्हणाला. ती दारात उभी राहिली, अगदी हसतमुखानं. ये बसवून, ती मनात म्हणाली. चार दिवसांत कुजेल, पंधरा दिवसांत किडे पडतील, मग घाल तेल तिच्या नटांना. बग्गी ओढ्याकडं वळली आणि तिला कितीतरी दिवसांनी कडाडून भूक लागली. दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेच्याचा गोळा.

दुपारी आभाळ आलं आणि एक सर पडून गेली. ती मेंढरांना पाणी दाखवायला घाईनं निघाली, दारातल्या कार्पेटाच्या तुकड्यावर पाय पडला, भिजलेल्या लवेवर वाडग्याचा काळा चिखल बसला होता, आणि काय होतंय हे कळायच्या आत सुभद्राबाई कमरेवर आपटली. कळ मस्तकात गेली. तशीच बसून राहिली थोडा वेळ, कमरेला हात लावून शिव्या घालत. आणि शिवी तोंडातच राहिली.

पुंजाजी येणार तो ओढ्याच्या उतारावरनं. आत्ता सर पडून गेलेली. तिथंच, त्याच उतारावर पाय घसरला होता, तेव्हा बाभळ होती म्हणून वाचला. बाभळीच्या बाजूला काय आहे? खडक आहे, खाली. आणि आता त्याच्या ब्रेकखाली हे असलं लाल लोणी, आणि ते कुणी घालायला लावलं?

"अगं माझे बाई," ती म्हणाली, आणि उठली.

दार उघडं, मेंढरं तहानलेली, पाय अनवाणी. कंबर धरून पळत सुटली. जमनाबाई दारातून म्हणाली, "काहून गं, काय झालं?" तिला कुठलं उत्तर द्यायचं! सोयाबीनच्या बांधावरनं, चिखलातनं, दोनदा गुडघ्यावर पडली. देवाचं नाव घ्यायला गेली तर तोंडातून नवऱ्याचंच नाव निघायला लागलं, आजवर कधी घेतलं नव्हतं ते. मी काय मागितलं होतं देवा, फरशी मागितली होती. नको मला फरशी. शेणानं सारवीन मरेपर्यंत.

ती पोचली तेव्हा बग्गी पलीकडच्या टेकाडावर होती आणि उतार लागायचा होता. सुभद्राबाई ओढ्यातल्या पाण्यात उभी राहून दोन्ही हात वर करून ओरडली.

"थांबा! अवं, थांबा! खाली येऊ नका! त्या कार्पेटावर पाय टिकत न्हाई, मी पडले! मी रोज धूत व्हते त्याला, सोडा लावून! तुमाला फसवलं मी! पट्टाच चांगला हाय, त्याला मी निखारा लावला! माझ्या त्या सवतीचं वाटोळं व्हावं म्हणून केलं, तुमचं न्हाई! तुमचं न्हाई हो!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू गेलं देव जाणे. बग्गी उताराला लागली. सुभद्राबाईनं डोळे मिटले. चाकांचा चरचर आवाज झाला, चिखल उडून तिच्या तोंडावर आला, आणि गाडी तिच्यापासून चार हातांवर गपकन थांबली. पुंजाजीनं इंजिन बंद केलं.

तिनं डोळे उघडले. त्याच्या पायाखाली काळा पट्टा होता. कोपऱ्यापर्यंत बराबर कापलेला, नट-बोल्टनं आवळलेला. त्याचा पाय ब्रेकवर घट्ट होता. आणि मागच्या हौद्यात, पाऊस लागू नये म्हणून त्याच्याच रेनकोटात गुंडाळून, एक लांबलचक लाल गुंडाळी ठेवलेली होती.

"हे काय?" ती म्हणाली.

पुंजाजी खाली उतरला. त्याचं तोंड उतरलं होतं, म्हणजे सगळं ऐकू गेलं होतं.

"घरात टाकायला आणलं व्हतं," तो म्हणाला. "त्याला सोड्याचा वास येत व्हता. म्हटलं, ही रोज धुती, वाळवती, जपती. म्हटलं, हिला लय आवडलंय, बोलत न्हाई. पुऱ्या खोलीला पुरंल येवढं आणलं." मग म्हणाला, "म्हंजी तुला आवडत न्हाई?"

सुभद्राबाईला रडू आलं, आणि रडता रडता रागही आला. एवढ्या वर्षांत माणसानं एकदा तिच्या मनातलं ओळखायला घेतलं, आणि तेही कसं ओळखलं! सवतीला पट्टा आणि मला हे कुजकं!

"न्हाई आवडत," ती म्हणाली. "सवतीला चांगलं अन् मला मांडवातलं उरलेलं."

"मंग तुला काय पाहिजे?"

लग्न झाल्यापासून हा प्रश्न त्यानं कधी विचारला नव्हता. शहाबादी म्हणायचं होतं तिला, शब्द ओठावर आला होता. पण तिनं त्या काळ्या पट्ट्याकडं बघितलं, नव्या चकचकीत बोल्टांकडं बघितलं, आणि तोंडातून दुसरंच निघालं.

"त्यो पट्टा."

"बसवला की आता. बोल्ट आवळून—"

"काढा."

पुंजाजी तिच्याकडं बघत राहिला. मग बग्गीकडं. दोन उन्हाळ्यांचं काम, महिनाभराची पारख. तिला वाटलं, आता म्हणेल, येडी झालीस का. म्हणाला असता तर ती तशीच माघारी फिरली असती, घरी नाही, थेट नरसीच्या पुढं माहेराला. पण पुंजाजीनं सीटखालून पाना काढला, चिखलात गुडघे टेकले आणि पहिल्या बोल्टाला लावला. धर्मसिंगनं आवळला होता दाबून, हलेना. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या, आणि नट करकरत सैल झाला. तो काढून त्यानं तिच्या हातावर ठेवला आणि दुसऱ्याकडं वळला.

सुभद्राबाईनं मूठ मिटली. नट गरम होता, की तिचाच हात गार पडला होता, कुणास ठाऊक.

"बस्स," ती म्हणाली. "लावा परत."

"आं?"

"लावा म्हणते ना. पाय घसरंल तुमचा."

त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, चांगलं निरखून, मेंढराच्या तोंडाकडं बघतो तसं. तिनं पदरानं तोंडावरचा चिखल पुसला आणि नट परत दिला. तो बोल्ट आवळेपर्यंत ती तिथंच उभी होती, नीट आवळला की नाही ते बघत. मग हौद्यातली लाल गुंडाळी तिनं स्वतःच मागं सरकवली आणि बग्गीच्या पुढच्या बाजूला, त्याच्याशेजारी, पट्ट्यावर दोन्ही पाय रोवून चढून बसली.

"हे कार्पेट वाडग्यात टाका," ती म्हणाली. "आजारी मेंढ्यांखाली. अन् मला जमनाबाईच्या दारावरनं घेऊन चला."